खाणीनंतरचा तालुका : क्यूबेकच्या 'दे सूर्स' भागात राहायला जाताना

क्यूबेकमध्ये येणारा मराठी माणूस सहसा मॉन्ट्रियलला उतरतो आणि तिथेच रुळतो. पण शेरब्रुकच्या विद्यापीठात किंवा लेनोक्सव्हिलच्या बिशप्समध्ये शिक्षण आटोपलं, आसपासच्या एखाद्या कारखान्यात नोकरी लागली किंवा शहरातलं भाडं परवडेनासं झालं, की काहीजण नकाशावर जरा वर सरकून बघतात. शेरब्रुकच्या उत्तरेला सुमारे साठ किलोमीटरवर एक भाग आहे. सगळा फ्रेंच बोलणारा, निम्मा शेतीवाडीचा, आणि मधोमध जमिनीत खणलेला एक अजस्र खड्डा. या भागाचं नाव 'एमआरसी दे सूर्स'. तिथे बिऱ्हाड हलवायचा विचार असेल तर काय क्रमाने करावं, ते पुढे लिहितो आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक घर शोधण्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते ती चौथी किंवा पाचवी पायरी आहे.

पायरी १ : कारभार कुठून चालतो ते कळून घ्या

क्यूबेकमध्ये गावांच्या वर आणि प्रांताच्या खाली एक मधला टप्पा असतो, तो म्हणजे एमआरसी. १९७९ च्या नगररचना कायद्यातून तो आला. आपल्याकडचा तालुका डोळ्यांसमोर आणा, फक्त तहसीलदाराच्या जागी गावोगावच्या महापौरांची परिषद कल्पा. तिच्या प्रमुखाला प्रेफे म्हणतात. जमिनीचा वापर कसा व्हावा याचा आराखडा, ओढ्यानाल्यांची देखरेख, कचऱ्याचं नियोजन अशी कामं एमआरसीकडे असतात. रस्त्यावरचा बर्फ, पाणी आणि बांधकामाचा परवाना यांसाठी मात्र गावाच्या नगरपालिकेतच जायचं.

दे सूर्समध्ये सात गावं आहेत : व्हाल-दे-सूर्स, डॅनविल, वॉटन, सँ-कामी, सँ-ताद्रियाँ, सँ-जॉर्ज-द-विंडसर आणि आम-सूद. सगळ्यांची मिळून लोकसंख्या पंधरा हजारांच्या आत. त्यातली जवळपास निम्मी एकट्या व्हाल-दे-सूर्समध्ये, आणि आम-सूद तर काहीशे माणसांचं. मोठी दुकानं, माध्यमिक शाळा, दवाखाना हे सगळं व्हाल-दे-सूर्समध्ये. पुण्याजवळच्या एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहत असतील. पण इथे ती शेकडो चौरस किलोमीटरवर पसरलेली आहेत, आणि रोजच्या जगण्यात सगळ्यात आधी जाणवतं ते हे अंतर.

पायरी २ : खाणीचा इतिहास वाचल्याशिवाय जाऊ नका

ही पायरी लोक गाळतात. इतिहासात काय ठेवलंय, असं त्यांना वाटतं. इथे मात्र घराची किंमत, जमिनीची परीक्षा, नोकऱ्यांचं स्वरूप, इतकंच काय शेजारच्या आजोबांचं गप्प राहणंही खाणीपाशी येऊन थांबतं.

व्हाल-दे-सूर्सचं नाव २०२० पर्यंत अ‍ॅस्बेस्टॉस होतं. १८७९ मध्ये इथे अ‍ॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचा साठा सापडला. पुढे डब्ल्यू. एच. जेफ्री यांनी खोदकाम सुरू केलं आणि खाणीला त्यांचंच नाव चिकटलं. विसाव्या शतकात जॉन्स-मॅनव्हिल या अमेरिकी कंपनीच्या ताब्यात ही जगातली सर्वांत मोठी अ‍ॅस्बेस्टॉस खाण झाली. उघडी खाण असल्यामुळे ती खाली जाता जाता आडवीही पसरत गेली. व्यास दोन किलोमीटरच्या आसपास, खोली साडेतीनशे मीटर. खड्डा जसा वाढला तसं गाव मागे हटलं. घरं, दुकानं, चर्चसुद्धा त्याच्या वाटेत आली आणि गेली. त्यामुळे 'गावचा जुना चौक कुठे आहे' असं विचारलंत तर एखादा म्हातारा माणूस हवेतच बोट दाखवील. चौक होता ती जागा आता खड्ड्यात आहे.

१९४९ चा संप माहीत असायलाच हवा. फेब्रुवारीच्या मध्यावर इथले आणि थेटफर्ड माइन्स या दुसऱ्या खाणगावाचे मिळून सुमारे पाच हजार खाणकामगार कामावर गेले नाहीत. पगारवाढ ही एक मागणी होती, आणि दुसरी होती धुळीचा बंदोबस्त. गिरण्यांमधली धूळ छातीत जाते हे कामगारांना तेव्हाच ठाऊक होतं. प्रांताचे पंतप्रधान मॉरिस द्युप्लेसी यांनी संप बेकायदा ठरवला आणि प्रांतिक पोलीस पाठवले. मे महिन्यात गावात दंगलीचा कायदा वाचून दाखवला गेला, धरपकड झाली. दुसरीकडे मॉन्ट्रियलचे आर्चबिशप जोसेफ शार्बोनो कामगारांच्या बाजूने उभे राहिले, चर्चमध्ये संपकऱ्यांसाठी वर्गणी गोळा झाली. पुढच्याच वर्षी शार्बोनो यांना पद सोडावं लागलं. या संपात पाठिंबा द्यायला आलेल्या तरुणांमध्ये पिएर त्रुदो होते, जे नंतर कॅनडाचे पंतप्रधान झाले. संप उन्हाळ्याच्या सुरुवातीला संपला. कामगारांच्या हाती फार काही लागलं नाही, पण आधुनिक क्यूबेकची सुरुवात कुठून झाली असं विचारलं की या गावाचं नाव हमखास घेतलं जातं. इथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे.

मग उतरती कळा. हे तंतू फुप्फुसात अडकतात, दशकांनंतर फुप्फुसं कडक होतात, कर्करोग होतात, हे सिद्ध होत गेलं तशी श्रीमंत देशांनी खरेदी थांबवली. माल आशियाकडे वळला. आपल्याकडे गोठ्यांवर, चाळींवर, कारखान्यांच्या शेडवर जे करडे सिमेंटचे पत्रे दिसतात, त्यांत हाच तंतू कालवलेला असतो. क्यूबेकच्या खाणींच्या शेवटच्या काळात भारत त्यांचं मोठं गिऱ्हाईक होता. बंद पडत आलेली जेफ्री खाण घ्यायला पुढे आलेला मॉन्ट्रियलचा उद्योजकही भारतीय वंशाचाच. प्रांताच्या सरकारने २०१२ मध्ये ५ कोटी ८० लाख डॉलरचं कर्ज कबूल केलं होतं. त्याच वर्षी सरकार बदललं, नव्या सरकारने ते रद्द केलं आणि खाणीचं दार कायमचं लागलं. २०१८ च्या अखेरीस कॅनडाने अ‍ॅस्बेस्टॉसवर जवळजवळ सरसकट बंदी आणली.

म्हणून, भारतातून आलो असं तुम्ही सांगितलंत आणि समोरचा म्हणाला की 'आमचा माल तुमच्याकडे जायचा', तर चपापू नका. आणि एक विनंती : जेवणाच्या टेबलावर अ‍ॅस्बेस्टॉस किती वाईट यावर प्रवचन देऊ नका. त्या टेबलाशी बसलेल्या कुणाचे वडील त्या धुळीने गेलेले असतील, आणि त्याच खाणीच्या पगारावर कुणाचं घर उभं राहिलं असेल. बरेचदा हे दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत खरं असतं. ऐकून घ्या, तेवढं पुरतं.

नावबदलही सहज झालेला नाही. बाहेरच्या गुंतवणूकदारांना अ‍ॅस्बेस्टॉस हे नाव ऐकूनच धडकी भरते, असं नगरपालिकेचं म्हणणं होतं. पहिल्यांदा सुचवलेली नावं लोकांनी धुडकावली, मग नवी यादी झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये, ऐन साथीच्या दिवसांत, लोकांनी गाडीतून येऊन मतं टाकली. चौदा वर्षांच्या मुलांनाही मत होतं. व्हाल-दे-सूर्स तिसऱ्या फेरीत ५१.५ टक्क्यांनी जिंकलं. म्हणजे गाव जवळपास दोन भागांत वाटलेलं होतं. आजही काहीजण बोलताना जुनं नाव घेतात. तुम्ही पाव्हणे आहात, नवं नाव वापरा आणि जुनं वापरणाऱ्याला सुधारू नका.

पायरी ३ : काम काय मिळेल याचा खरा अंदाज घ्या

खाण बंद झाल्यावर प्रांताने या भागाला नवे धंदे उभारायला ५ कोटी डॉलरचा निधी दिला. त्यानंतर जे आलं त्यात लाक-ब्रोम बदकांच्या कंपनीचा मोठा प्रक्रिया कारखाना आहे, छोटे-मध्यम कारखाने आहेत, खाणकामाची आठवण बाटलीवर मिरवणारी एक छोटी ब्रुअरी आहे. बाकी दूधदुभतं, मेपलची झाडं, लाकूड, वृद्धांची देखभाल, शाळा. संगणकावरचं काम घरून करणारे असाल तर ठीक, पण सॉफ्टवेअर कंपनी शोधायला इथे येऊ नका.

मोठ्या घोषणांवर इथले लोक पटकन विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यालाही कारण आहे. खाणीशेजारी साचलेल्या चुऱ्यातून मॅग्नेशियम काढायचा मॅग्नोला नावाचा प्रचंड कारखाना २००० च्या सुमारास सुरू झाला आणि २००३ मध्ये बंद पडला. त्यानंतरही मॅग्नेशियमचे बेत होत राहिले. एखादा मालक 'लवकरच इथे शेकडो नोकऱ्या येणार आहेत' असं सांगत असेल, तर आज हातात देण्यासारखी नोकरी कोणती आणि तिचा लेखी करार कुठे, एवढंच विचारा.

अठरा ते पस्तीस वयाच्या लोकांसाठी 'प्लास-ओ-जन ऑं रेज्याँ' हा प्रांतभरातला उपक्रम चांगला आहे. शहर सोडून ग्रामीण भागात येऊ पाहणाऱ्यांना ते फुकट मदत करतात : नोकरीच्या ओळखी, भाग दाखवण्याच्या सहली, असं. अर्ज पाठवण्याआधी त्यांना एक ईमेल टाकणं जास्त उपयोगी, असं माझं स्पष्ट मत.

पायरी ४ : फ्रेंच, आणि ती आजपासूनच

मॉन्ट्रियलमध्ये इंग्रजीवर वेळ निभावते. इथे नाही. डॅनविल मुळात अमेरिकेच्या न्यू इंग्लंडमधून आलेल्या इंग्रजी लोकांनी वसवलं. तिथल्या जुन्या घरांवर, थडग्यांवर अजून इंग्रजी आडनावं दिसतात. पण आजचा व्यवहार फ्रेंचमध्येच चालतो. शिवाय २०२२ च्या भाषा कायद्यानुसार प्रांताचं सरकार नव्याने आलेल्यांशी सहा महिन्यांनंतर, काही अपवाद सोडता, फ्रेंचमध्येच पत्रव्यवहार करतं.

'फ्रांसिझास्याँ क्यूबेक' या सरकारी व्यवस्थेकडे मोफत वर्ग असतात, ऑनलाइनही. नाव नोंदवून वाट बघावी लागू शकते, म्हणून भाग बदलायच्या आधीच नोंदवा. पुस्तकी फ्रेंच येत असलं तरी पहिले काही आठवडे कान गोंधळतील. इथली बोली जलद आहे, शब्द गिळलेले असतात आणि दुकानातली बाई हवामानापासून सुरुवात करते. दुकानात शिरल्यावर आधी 'बोंजूर' म्हणा, मग हवं ते विचारा. थेट विचारलंत तर लोक मदत करतात, पण चेहरा जरा आखडलेला राहतो.

मुलं असतील तर एवढं पक्कं समजा : १९७७ च्या कायद्यामुळे स्थायिक होणाऱ्यांच्या मुलांना सरकारी शाळा फ्रेंचच मिळते. इंग्रजी शाळेला पात्र ठरायचं तर आईवडिलांपैकी कुणीतरी कॅनडात इंग्रजीतून शिकलेलं हवं. तात्पुरत्या परवान्यावर असणाऱ्यांना काही काळ सूट मिळते. माध्यमिकसाठी व्हाल-दे-सूर्समधली 'लेस्काल' ही शाळा आहे. मुलं वर्षभरात आपल्यापेक्षा चांगलं फ्रेंच बोलू लागतात आणि मग बँकेच्या पत्रातला कठीण शब्द त्यांनाच विचारावा लागतो. याची तयारी ठेवा.

स्थायिक होण्याचा अर्ज करायचा बेत असेल तर फ्रेंचला आणखी एक अर्थ आहे. क्यूबेक आपले कामगार 'आरिमा' या संकेतस्थळावरून निवडतं. बहुतेक मार्गांत फ्रेंचची परीक्षा लागते आणि मॉन्ट्रियलबाहेर राहण्या-काम करण्याला गुण आहेत. कार्यक्रम वरचेवर बदलतात, तेव्हा सरकारी पानच वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी माहिती बऱ्याचदा मागच्या वर्षीची असते.

पायरी ५ : घर

भाड्याचं घर घेताना जाहिरातीत ३½, ४½ असे आकडे दिसतील. खोल्या मोजायच्या, स्वयंपाकघर धरून, आणि अर्धा म्हणजे न्हाणीघर. म्हणजे ४½ हे आपल्या टू बीएचकेच्या जवळ जातं. बहुतेक करार १ जुलैला सुरू होतात, त्यामुळे मार्चपासून शोधायला लागा. करार प्रांताच्या ठरलेल्या छापील नमुन्यावरच होतो. त्यात आधीच्या भाडेकरूचं भाडं लिहिण्याची जागा असते, ती कोरी सोडू देऊ नका. डिपॉझिट मागणं क्यूबेकमध्ये बेकायदा आहे. फक्त पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ घेता येतं. 'तुम्ही नवीन आहात म्हणून तीन महिन्यांचे द्या' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणायचं.

विकत घेणार असाल तर जरा सावकाश वाचा, कारण खाणीच्या गावाचा प्रश्न इथे खऱ्या अर्थाने पायाखाली येतो.

खडकातून तंतू वेगळा करताना उरलेला चुरा या प्रदेशात डोंगराएवढा साचलेला आहे. क्यूबेकच्या पर्यावरण चौकशी मंडळाने २०२० च्या अहवालात प्रांतभरातल्या अशा ढिगाऱ्यांचा अंदाज ८० कोटी टन सांगितला. थेटफर्डकडच्या ढिगाऱ्यांचाही त्यात समावेश आहे. जुन्या काळी हाच चुरा खडीसारखा स्वस्त मिळे, म्हणून खाणपट्ट्यात लोकांनी तो अंगणात, गाडीच्या वाटेवर, पायाच्या भरावात घातला. तेव्हा घर बघताना निरीक्षकाला थेट विचारा : अंगणाचा भराव कशाचा आहे? माती खणून झाडं लावायची हौस असेल तर आधी नमुना तपासून घ्या.

घराच्या आतही बघा. माळ्यावर सोनेरी-करडे, खड्यांसारखे हलके तुकडे पसरलेले दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट, म्हणजे थंडी अडवायला घातलेलं जुनं भरण, असू शकतं. त्यातल्या काही मालात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ते झाडू नका, व्हॅक्यूमने ओढू नका, माळ्यावर सामान ठेवायला जाऊ नका. जुन्या पाइपांवरचं पांढरं वेष्टण, विशिष्ट टाइल्स, छताच्या पोपडे आलेल्या पट्ट्या यांनाही हाच नियम : न हलवलेलं अ‍ॅस्बेस्टॉस शांत असतं, फोडलेलं घातक. भिंत पाडायचा बेत असेल तर तपासणीचा खर्च त्या बेतातच धरा.

खेड्यातल्या घराला बहुधा नळयोजना नसते. स्वतःची विहीर आणि स्वतःचा सेप्टिक टँक. विहिरीच्या पाण्याची चाचणी खरेदीच्या अटीत घाला. कायम राहत्या घराचा टँक दर दोन वर्षांनी उपसावा लागतो, तो शेवटचा कधी उपसला त्याची पावती मागा. व्यवहार पूर्ण करायला नोटरी लागतोच, आणि इथला नोटरी आपल्याकडच्यासारखा नुसता शिक्का मारणारा नसून कायदेतज्ज्ञ असतो. फी जास्त वाटेल, पण प्रश्न विचारून ती वसूल करा. घर नावावर झाल्यानंतर काही महिन्यांनी नगरपालिकेकडून हस्तांतर कराचं बिल येतं. त्याला लोक 'स्वागत कर' म्हणतात. ते गृहकर्जात धरलेलं नसतं, बाजूला पैसे ठेवा.

मोकळी जमीन घेऊन घर बांधू, चार कोंबड्या पाळू, असं स्वप्न घेऊनही लोक येतात. १९७८ पासून क्यूबेकमध्ये शेतजमीन कायद्याने राखलेली आहे. शेतीच्या पट्ट्यात घर बांधायला स्वतंत्र मंजुरी लागते आणि ती सहसा मिळत नाही. पैसे देण्याआधी नगरपालिकेच्या बांधकाम निरीक्षकाकडे जाऊन तो तुकडा नकाशावर दाखवायला सांगा. हे काम फुकट होतं.

कुठलं गाव निवडावं? दुकानं आणि शाळा पायी हव्या असतील तर व्हाल-दे-सूर्स. जुनी लाकडी घरं, तळं आणि पक्षी आवडत असतील तर डॅनविल. तिथला बुरबँक तलाव पक्षिनिरीक्षणासाठी नावाजलेला आहे. वॉटन आणि सँ-जॉर्ज ही शेतकऱ्यांची गावं. आणि सँ-कामीबद्दल थोडं जास्त लिहिल्यावाचून राहवत नाही. पाचशेच्या आसपास वस्तीचं हे गाव ऐंशीच्या दशकात ओस पडायला लागलं होतं. मग गावकऱ्यांनीच पैसे घालून रिकाम्या इमारती विकत घ्यायला सुरुवात केली. जुन्या किराणा दुकानाचं 'प्ती बोनर' नावाचं सांस्कृतिक केंद्र झालं, जिथे गाण्याच्या मैफली होतात. पाद्र्याच्या घराचं वृद्धांसाठी सहकारी निवासस्थान झालं. सहकार आपल्याकडे साखर कारखान्यातून ओळखीचा झाला, इथे तो गाव जगवायला वापरलेला दिसतो. नवीन माणसाला सगळ्यात आधी कामाला लावणारं गावही हेच.

पायरी ६ : गाडी

गाडीशिवाय इथे जमणार नाही. ऑफिसला एक, घरी एक, अशा दोन गाड्यांचं गणितही बऱ्याच घरांत मांडावं लागतं. भारतीय परवान्यावर नवीन स्थायिकाला सहा महिने गाडी चालवता येते. भारताशी परवाना अदलाबदलीचा करार नसल्याने लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. परीक्षेची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून आल्याआल्या नोंदवा आणि भारतातून परवान्याच्या इतिहासाचा दाखला घेऊन या. १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. टायर बदलायला गॅरेजमध्ये ऑक्टोबरमध्येच वेळ ठरवा, नोव्हेंबरच्या पहिल्या बर्फानंतर रांग लागते.

संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. एक हरीण ओलांडून गेलं की ब्रेक सोडू नका, त्याच्या मागे दुसरं असतं. गावांमधल्या रस्त्यांवर मोबाइलला रेंज सगळीकडे मिळत नाही. हिवाळ्यात गाडीत फावडं, घोंगडी, मेणबत्ती आणि काडेपेटी ठेवण्यात काही अतिरेक नाही.

पायरी ७ : दवाखाना, बर्फ आणि पोटापाण्याच्या गोष्टी

सरकारी आरोग्य विमा सुरू व्हायला नव्याने आलेल्यांना तीन महिन्यांपर्यंत थांबावं लागतं, त्या काळाचा खासगी विमा घ्या. कार्ड आलं की त्याच दिवशी कौटुंबिक डॉक्टरच्या प्रतीक्षायादीत नाव घाला. यादी लांब आहे. दरम्यान ८११ वर नर्सशी बोलता येतं, आणि मोठ्या आजारासाठी शेरब्रुकचं इस्पितळ आहे.

घरासमोरचा बर्फ काढायचा करार सप्टेंबरात करा. यंत्रवाल्यांचे ग्राहक ठरलेले असतात, पहिला बर्फ पडल्यावर फोन केलात तर ते सरळ नाही म्हणतात. घर विजेवरच गरम होतं आणि वीज जाते, म्हणून लाकडाची शेगडी असलेलं घर मिळालं तर आनंद माना. जुलैच्या शेवटच्या दोन आठवड्यांत बांधकामाची सगळ्या प्रांताला सुट्टी असते. त्या काळात प्लंबर मिळाला तर तो तुमचा नातेवाईकच असणार.

शाकाहारींनी विचारूनच खावं. पुटिनवरची (म्हणजे तळलेले बटाटे आणि चीज यांवरची) तपकिरी ग्रेव्ही बहुधा मांसाच्या रश्श्याची, वाटाण्याच्या सूपमध्ये डुकराचं मांस, वसंतातल्या साखरझोपडीतल्या उसळीतही डुकराची चरबी. साखरझोपडीला मात्र जाच. मार्च-एप्रिलमध्ये तिथे मेपलचा रस उकळतो, तो पाक बर्फावर ओतून काडीला गुंडाळून खातात, आणि त्यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही. ताजं 'फ्रोमाज ऑं ग्रँ' म्हणजे चीजचे गोळे, दाताखाली कचकच आवाज करणारे. आवाज आला तर ताजे, नाही आला तर कालचे. तुरीची डाळ, पोहे, कढीपत्ता यांसाठी मॉन्ट्रियलचं पार्क-एक्स्टेंशन. दोन तास गाडी चालवून जायचं आणि मोठी खरेदी करून यायचं.

पायरी ८ : लोकांमध्ये जा

ओळखी आपसूक होत नाहीत. इथले लोक मदतीला धावतात, पण दार ठोठावून चहाला येत नाहीत. ग्रंथालय, शाळेचं पालक मंडळ, हॉकीचा बर्फ, आम-सूदजवळच्या मों-आम डोंगरावरची पायवाट, खाणीच्या खड्ड्यावर दोऱ्या बांधून चालणाऱ्यांचा उत्सव, खाद्यमहोत्सव : यांतलं काहीतरी धरा आणि स्वयंसेवक म्हणून नाव द्या. मों-आम सुमारे ७१३ मीटर उंच आहे आणि तो जपण्यात अबेनाकी या मूळनिवासी समाजाचाही सहभाग आहे. वर पोहोचल्यावर अर्धा जिल्हा दिसतो, खाणीचे ढिगारेही दिसतात. खड्डा जवळून बघायचा तर गावातल्या निरीक्षण सज्ज्यावरून. पंप बंद झाल्यापासून त्यात पाणी चढतंय आणि ऊन असलं की ते गडद निळं-हिरवं दिसतं. कुंपण ओलांडून कडेला जाऊ नका. कडा ठिसूळ आहेत आणि ती जागा खासगी आहे.

नगरपालिकेची सभा दर महिन्याला होते आणि त्यात नागरिकांच्या प्रश्नांसाठी वेळ राखलेला असतो, कायद्यानेच. पहिल्या एकदोन सभांना नुसतं बसा. कोण कुणाला टोकतं, रस्ता आधी कुणाचा होतो, बर्फाच्या यंत्रावर किती भांडण होतं, हे सगळं तिथे कळतं. मग आपला प्रश्न फ्रेंचमध्ये कागदावर लिहून न्या, दोन वाक्यांत विचारा आणि खाली बसा. सभा संपल्यावर दारापाशी कुणीतरी येऊन तुमचा रस्ता कुठला, घर कुठलं असं विचारेल, तेव्हा लगेच निघू नका.